सोनोग्राफीच्या खोलीतलं मौन

पोटावर जेल टाकलं की पहिली दोन-तीन मिनिटं मी काही बोलत नसे. खोलीत अंधार, एसीची घरघर, पोटावर सरकणारा प्रोब आणि माझी नजर स्क्रीनवर. टेबलावर पडलेल्या बाईची नजर मात्र माझ्या चेहऱ्यावर. स्क्रीन माझ्याकडे वळवलेला, त्यामुळे तिला तो दिसत नाही. छताकडे बघून काही कळत नाही आणि नंतर हातात मिळणारा कागद इंग्रजीत असतो. म्हणून ती चेहरा वाचते. माझी भुवई जरा वर गेली, प्रोब एकाच जागी जास्त वेळ थांबला, मी किंचित पुढे वाकले, की तिचं पोट घट्ट होतं. ते हाताला लगेच कळतं.

गडहिंग्लजला सेंटर सुरू करून मला वीसहून जास्त वर्षं झाली. आजरा, चंदगड, नेसरी, कोवाड या बाजूंनी बाया येतात, संकेश्वरकडून कानडी बोलणाऱ्याही येतात. मुतखडा, पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, थायरॉइड, पायाच्या शिरा असं सगळंच बघते, पण निम्म्याहून जास्त काम गरोदरपणाचं. आणि या कामात मी सगळ्यांत उशिरा काय शिकले असेन तर बोलायला. व्यंग ओळखायला शिकवणारे गुरू मला उत्तम मिळाले. समोर पडलेल्या बाईला ते सांगायचं कसं, यावर एमडीच्या तीन वर्षांत आम्हाला एकही तास नव्हता.

माझे बाबा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला होते. मी सातवी-आठवीत असेन, एका रविवारी ते मला कारखान्यात घेऊन गेले. शेडमध्ये बसवलेलं एक भलंमोठं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, त्यावर त्यांनी तेल फासलं आणि बोटाएवढा प्रोब त्यावरून फिरवायला लागले. बाजूला डब्यासारखं यंत्र, त्यावर हिरवी रेघ. रेघेत मध्येच शेंडा उभा राहिला की बाबा थांबत. "इथं पोटात ब्लोहोल आहे," म्हणत आणि खडूने फुली मारत. वरून कास्टिंग गुळगुळीत, चकचकीत. त्याच्या पोटातलं भोक बाबांना न कापता दिसत होतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तेल कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरतच नाही."

रेडिओलॉजीला प्रवेश घेतल्यावर पहिल्याच महिन्यात सोनोग्राफीचा इतिहास वाचला आणि बाबांना रात्री फोन केला. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून रेनफ्रूच्या एका बॉयलरच्या कारखान्यात गेले होते. तिथे धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र होतं, बाबांच्या यंत्राचाच पूर्वज म्हणा. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा मागवून ठेवला होता. गाठींवर प्रोब टेकवला आणि पाण्याने भरलेली गाठ वेगळी, भरीव गाठ वेगळी, हे पडद्यावर स्पष्ट दिसलं. पुढे टॉम ब्राऊन नावाचा तरुण इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले आणि ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तिघांचा लेख आला. आज सोनोग्राफी म्हटलं की बाळ आठवतं. त्या काळातली माझ्या मनात घर करून राहिलेली पेशंट मात्र गरोदर नव्हती. एका बाईचं पोट फुगलेलं, वजन घटलेलं, पोटाचा कॅन्सर आता हाताबाहेर गेला असं ठरवून डॉक्टरांनी आशा सोडलेली. डोनाल्ड यांच्या यंत्राने तिच्या पोटात पाण्याची मोठी गाठ दाखवली. ती बीजकोशाची निघाली, ऑपरेशन झालं आणि बाई बरी झाली.

बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचं काम सोपं बघ. कास्टिंग विचारत नाही, मला काय झालंय म्हणून."

यंत्र आजही मुळात तेच करतं. प्रोबमधल्या स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो, आवाज बाहेर पडतो. प्रतिध्वनी परत येऊन आदळला की त्याच स्फटिकात पुन्हा वीज तयार होते. हा गुण पिअर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० साली शोधला. माणसाच्या कानाला साधारण २०,००० कंपनांपलीकडचं ऐकू येत नाही. माझा प्रोब सेकंदाला काही दशलक्ष कंपनांवर चालतो. आवाज शरीरात सेकंदाला १५४० मीटर धावतो असं यंत्र धरून चालतं आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. चरबीत तो वेग कमी असतो, हाडात कितीतरी जास्त. तरी यंत्र १५४० धरूनच गणित मांडतं. म्हणून चित्र बघताना ते कुठे फसत असेल हे मनात धरावं लागतं, आणि याला वर्षं लागतात.

आता जे सांगायचं आहे ते मी कधी कुठे लिहिलेलं नाही.

सेंटरचं पहिलंच वर्ष होतं. आजऱ्याच्या बाजूची एक बाई आली, आठवा महिना, दुसरी खेप. सोबत कुणी नाही. नवरा मुंबईला, सासू थोरल्या नातवाला सांभाळत घरी. "दोन दिस झालं, हालचाल कळंना झालीया," म्हणाली. मी प्रोब ठेवला आणि पहिल्या दहा सेकंदांत कळलं. छातीचा पिंजरा दिसत होता, हृदयाचे चारही कप्पे दिसत होते आणि त्यांत काहीही हलत नव्हतं. डोक्याची हाडं एकमेकांवर चढायला लागली होती, म्हणजे होऊन गेल्याला वेळ झाला होता. मी मापं घेतली. वार बघितली, पाणी बघितलं. सगळं नेमकेपणाने केलं.

"डॉक्टरीणबाई, बरं हाय न्हवं?"

"रिपोर्ट देते. तुमच्या डॉक्टरांना दाखवा."

आम्हाला तसंच शिकवलं होतं. पेशंट ज्या डॉक्टरांची, सांगायचं त्यांनी. रेडिओलॉजिस्टने रिपोर्ट द्यायचा. मी रिपोर्ट लिहिला, लिफाफ्यात घातला, लिफाफा स्टेपल केला. साडेपाचची आजऱ्याची एसटी गाठायची म्हणून ती घाईने निघाली. दारातून वळून "येते हं," म्हणाली.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांच्या फोनवरून कळलं, आणि उरलेलं आठवड्याने. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आमचे फॉर्म काढून मिळत. तिथे एक मुलगा बसायचा, अकरावी-बारावीतला. तिने लिफाफा उघडून त्याच्या हातात दिला होता. तू शिकलेला आहेस, एवढं वाचून सांग, म्हणून. त्याने 'फीटल हार्ट अ‍ॅक्टिव्हिटी नॉट सीन' हे मोठ्याने वाचलं, मग मनातल्या मनात मराठी केलं आणि सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली. त्याने पाणी आणून दिलं. एसटी निघून गेली.

आठवड्याने मी फॉर्म न्यायला गेले तेव्हा तो झेरॉक्सच्या मशीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, असलं मला वाचायला लागायला नको होतं."

मी त्याला काही उत्तर देऊ शकले नाही. आजही माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्या मौनाचा एक धागा शिक्षणात होता, दुसरा कायद्यात. त्या कायद्याबद्दल लिहिताना मला जपून आणि खरं लिहायचं आहे, कारण आमच्या व्यवसायातले बरेच जण त्याच्यावर रागावलेले आहेत आणि माझा राग त्यांच्यापेक्षा वेगळा आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल १९८८. त्याआधी मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी, डॉक्टरांनी, कार्यकर्त्यांनी काही वर्षं झगडा दिला होता. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला, १९९६ पासून लागू झाला आणि कागदावरच राहिला. मग २००० साली 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने २००१ मध्ये राज्यांना धारेवर धरलं, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर आज आपण ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतो तो कायदा आकाराला आला. त्या सगळ्या काळात आकडे घसरत होते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. माझ्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली हा आकडा ८३९ होता. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात, साखर कारखाने, दूध संघ, शाळा-कॉलेजं असलेल्या सधन जिल्ह्यात. या मुली कुठल्या तरी सोनोग्राफीच्या खोलीत ओळखल्या गेल्या आणि तिथून पुढे नाहीशा झाल्या. आमच्याच यंत्रांवर, आमच्यातल्याच काहींच्या हातांनी. मार्च २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, पोलिसांना ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्या आठवड्यात मी प्रोब हातात घेताना प्रत्येक वेळी तो ओढा आठवत होते.

तेव्हा कायदा हवा होता का, याची चर्चा माझ्यापुरती संपलेली आहे. हवा होता आणि आणखी आधी हवा होता.

सेंटरमध्ये मला विचारलं गेलेलं आहे. उघड फार क्वचित. बहुतेक वेळा सासू किंवा आत्या निरोप घेताना हसत म्हणते, "मग बाई, पेढं सांगू का बर्फी?" आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी. एका मिठाईच्या नावात सगळं उत्तर मावतं. कायद्याने हे ओळखूनच शब्द, खुणा किंवा अन्य कोणत्याही रीतीने लिंग कळवण्यास मनाई केली आहे. 'अन्य कोणत्याही रीतीने' हे शब्द आम्ही फार मनावर घेतले. हसलं तर? "छान आहे बाळ" म्हटलं तर? काही डॉक्टर म्हणे हसून मुलगा आणि गप्प राहून मुलगी सांगत. मग प्रामाणिक डॉक्टरने काय करायचं? त्याने चेहऱ्याचा दगड केला. स्क्रीन स्वतःकडे वळवला. नवऱ्याला बाहेर बसवलं.

कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफीच्या मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी जोडायचा आदेश निघाला. प्रत्येक तपासणीचं चित्रण त्या पेटीत साठायचं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने उच्च न्यायालयात आव्हान दिलं, २०११ साली न्यायालयाने ते फेटाळलं. माझ्या मशीनवरही पेटी आली. मला तिचा अपमान वाटला नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं. पण ती जोडून इंजिनिअर गेला आणि मी रिकाम्या खोलीत बसले तेव्हा तिचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मूक निरीक्षक. खोलीत ती आधीपासून होती की. पेटीच्या जागी मी होते, एवढाच फरक.

कायद्याने एकाच गोष्टीबद्दल गप्प राहा म्हणून सांगितलं होतं. आम्ही सगळ्याच गोष्टींबद्दल गप्प झालो. बाळाचे ठोके दाखवायला कायद्याची ना नाही. पाठीचा कणा, हाताची मूठ, जांभई दाखवायला ना नाही. वाईट बातमी हळुवारपणे, तिच्या भाषेत सांगायला तर कुणाचीच ना नव्हती. तरी आम्ही ते सोडलं, कारण गप्प राहणं सुरक्षित होतं आणि, खरं सांगायचं तर, सोपंही होतं.

आमच्या लोकांचा मुख्य राग फॉर्म एफवर आहे. गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीला हा फॉर्म भरायचा, तिच्या सहीचं किंवा अंगठ्याचं घोषणापत्र घ्यायचं, मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही म्हणून. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत अहवाल पाठवायचा. त्यात त्रुटी सापडली तर ती कायद्याचा भंग धरली जाते, आणि तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची. पत्त्यात गल्ली राहिली, एखादा रकाना कोरा राहिला म्हणून मशीन सील झाल्याच्या गोष्टी प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने हे सर्वोच्च न्यायालयात नेलं. २०१९ साली न्यायालयाने कायद्याच्या बाजूने निकाल दिला. नोंदी न ठेवणं हीच पुढच्या गुन्ह्याची सुरुवात असते, असा त्याचा आशय होता. मला तो निकाल पटतो, कारण कागदाशिवाय या गुन्ह्याचा मागच उरत नाही. पण पत्ता अर्धा लिहिणारी दमलेली नर्स आणि पैसे घेऊन लिंग सांगणारा डॉक्टर एकाच कलमात बसतात, याचा त्रासही होतो. दोन्ही गोष्टी मी माझ्या सहकाऱ्यांसमोर बोलते. बैठकीत एकीला टाळ्या मिळतात, दुसरीला शांतता.

यंत्रं या काळात कुठल्या कुठे गेली. सुरुवातीला माझ्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट मशीनवर बाराव्या आठवड्याचं बाळ म्हणजे हलणारा एक शेंगदाणा. आज त्याच आठवड्यात मी त्याच्या मानेमागची पाण्याची चकती मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजते, नाकाचं हाड बघते, हृदयाच्या झडपेवरचा प्रवाह बघते. अठरा ते वीस आठवड्यांत पूर्ण अवयवांची तपासणी होते. दिसायला लागलं तसं सांगायचंही वाढलं, आणि त्यात एक नवाच प्रकार आला: दिसतं, पण त्याचा अर्थ पक्का नसतो. हृदयात पांढरा ठिपका. मेंदूत पाण्याची बारीकशी पुटकुळी. बाकी सगळं नीट असेल तर पुढच्या तपासणीत ही पुटकुळी बहुतेक वेळा दिसेनाशी झालेली असते आणि त्या ठिपक्याने बाळाचं काही बिघडत नाही. पण रिपोर्टात तो शब्द छापला जातो, आणि ते दोघं रात्री मोबाईलवर तो शब्द शोधतात. सकाळी मला भेटतात तेव्हा दोघांचे डोळे लाल असतात. रिपोर्ट देतानाच दोन मिनिटं बसून 'हा ठिपका म्हणजे काय आणि काय नाही' हे सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती. असं माझ्या हातून झालेलं आहे. एकदा नाही.

कधी अर्थ पक्का असतो आणि तोच भयंकर असतो. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला २० आठवड्यांची मर्यादा घातली होती. अवयवांची तपासणी होते एकोणिसाव्या-विसाव्या आठवड्यात. कवटीच तयार झालेली नाही असं बाळ मला दिसतं, दुसरं मत घ्यायला कोल्हापूर, तिसरं घ्यायला पुणं, पैशांची जमवाजमव, आणि तोवर मर्यादा उलटून जाते. २००८ साली मुंबईचं एक दांपत्य आणि डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते. गर्भाच्या हृदयात दोष होता, वीस आठवडे उलटले होते, परवानगी मिळाली नाही. त्या निकालानंतर कित्येक आठवडे प्रत्येक एकोणिसाव्या आठवड्याच्या बाईला मी कॅलेंडरकडे बघून तपासत होते. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली, आणि गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मार्ग उघडला. तेरा वर्षं लागली. मधल्या काळातल्या तीन बाया मला नावानिशी आठवतात.

माझी भाची इंग्लंडमध्ये सोनोग्राफर आहे. ती डॉक्टर नाही. आधी रेडिओग्राफर झाली, मग सोनोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तिथे गरोदर बाईची तपासणी अशी माणसंच करतात आणि रिपोर्टही तीच लिहितात. आपल्याकडे हे काम कायद्याने ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांपुरतं आहे. ती सुट्टीला आली की आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसतो. तिच्याकडे आई-बाबांनी विचारलं तर बऱ्याच ठिकाणी मुलगा की मुलगी सांगतात, हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती किती सहज म्हणून गेली आणि मी कशी दचकले, ते आमच्या दोघींच्या लक्षात आहे. पण मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. "मावशी, ठोके नसले तर आम्ही पहिल्या काही मिनिटांतच सांगतो. स्क्रीन वळवायचा, नाव घेऊन बोलायचं, आडवळणं घ्यायची नाहीत. आम्हाला शिकवलंय ते. सराव करून घेतात." सराव! एकीने बाई व्हायचं, एकीने सांगायचं, बाकीच्यांनी कुठे चुकलं ते सांगायचं. मी तिच्याकडून तो सराव आमच्या स्वयंपाकघरात करून घेतला. वयाच्या पन्नाशीत. पहिल्या वेळी मी पुन्हा "तुमच्या डॉक्टरांना दाखवा" म्हणाले आणि तिने मला थांबवलं.

आणखी एक साम्य आमच्यात निघालं, उजवा खांदा. प्रोब दाबून धरत, हात अंगापासून लांब ठेवून, मान स्क्रीनकडे वळवून दिवसाचे सात-आठ तास. परदेशातल्या पाहण्यांत दहापैकी आठ-नऊ सोनोग्राफर दुखणं सोसत काम करतात असं दिसलेलं आहे. आपल्याकडे याबद्दल कुणी बोलत नाही. माझा हात मागे जाऊन वेणी घालता येईना तेव्हा मी केस कापले. दिवसातल्या तिसाव्या पेशंटला खांदा ठणकत असतो, आणि मापं चुकू नयेत म्हणून सगळी शक्ती मापांत जाते. मग सगळ्यांत आधी कमी होतात ते शब्द.

गेल्या वर्षी नवं मशीन घेतलं. त्यात बाळाचं डोकं चौकटीत आलं की यंत्र स्वतःच ओळखतं, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड मोजून आकडे लिहितं. मी मोजते त्यापेक्षा लवकर, आणि दमलेल्या संध्याकाळी कदाचित जास्त नीटही. डेमो द्यायला आलेला मुलगा उत्साहाने म्हणाला, "मॅडम, दिवसाला आठ पेशंट जास्त होतील." मी त्याला म्हटलं, मला आठ पेशंट नकोत, ती मिनिटं हवीत. त्याला ते कळलं नाही, आणि त्याचा दोष नाही. सेंटर कर्जावर उभं असतं, हप्ता आठ पेशंटांचा हिशेब मागतो. मी काही वर्षांपूर्वी हे म्हणू शकले नसते.

यंत्र मोजायला लागलं म्हणून आपलं काम जाणार, अशी भीती माझे तरुण सहकारी बोलून दाखवतात. मला चिंता चंदगडच्या जंगलाकडच्या वाड्यांची आहे. फोनला जोडायचे हाताएवढे प्रोब आले आहेत. झांबिया आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात असा प्रयोग झाला, की सोनोग्राफी न शिकलेल्या माणसाने पोटावरून ठरलेल्या रेषांत प्रोब फिरवायचा आणि गर्भ किती आठवड्यांचा ते संगणकाने सांगायचं, ते जमलं. आपल्याकडे सुवाह्य मशीनला २०१२ च्या नियमांनी बांधून ठेवलं आहे: नोंदणी झालेल्या जागेत दाखल पेशंटसाठी, नाहीतर फिरत्या वैद्यकीय पथकात. कारण उघड आहे. पिशवीत मावणारं मशीन घरोघर जाऊन मुली शोधायला निघालं होतं. तरी काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक बाई रक्तस्राव होत असताना जीपमधून माझ्यापर्यंत आणली, तोवर तिला कुणी एकदाही तपासलं नव्हतं. वार पूर्ण खाली, गर्भाशयाच्या तोंडावरच होती. ती वाचली, बाळ नाही. उपकेंद्रातल्या नर्सच्या हातात, लिंग दिसेल असं चित्रच न दाखवणारा, प्रत्येक तपासणी आपोआप नोंदवणारा प्रोब असता, तर महिनाभर आधी तिला दवाखान्याजवळ हलवता आलं असतं. हे तंत्राला शक्य आहे. सायलेंट ऑब्झर्व्हरला विरोध केला तितक्या हिरिरीने आमच्या संघटनांनी हे मागावं असं मला वाटतं.

माझ्या खोलीत आता टेबलासमोरच्या भिंतीवर दुसरा स्क्रीन आहे. त्याचं बटण माझ्या डाव्या हाताशी. लिंग दिसेल असा भाग येतो तेव्हा तो बंद असतो, बाकी वेळ चालू. सोबत आलेल्या बाईला आत बसायला खुर्ची आहे. बाहेर कायद्याने सांगितलेली पाटी आहे, मराठीत आणि इंग्रजीत, आणि मी तिच्याखाली कानडीतही एक लावली आहे.

मागच्या श्रावणात आजऱ्याकडचीच एक मुलगी आली. पहिली खेप, सातवा महिना संपत आलेला. सोबत सासू. "आत्याबाई, तुमी बी या आत," असं तीच म्हणाली. मी प्रोब ठेवला आणि दहा सेकंदांत कळलं. भिंतीवरचा स्क्रीन चालू होता, तो मी बंद केला नाही. प्रोब तिथेच ठेवला, दुसरा हात तिच्या मनगटावर ठेवला, तिचं नाव घेतलं आणि म्हटलं, "बाळाचे ठोके लागत नाहीत गं. बाळ गेलंय."

एसीचा आवाज तेवढा राहिला. ती स्क्रीनकडे बघत होती.

"परत एकदा बगा की."

मला माहीत होतं. तरी मी जेल पुन्हा लावलं, हृदय पुन्हा मध्यावर आणलं, त्यावर रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा डॉपलर टाकून दाखवला. लाल-निळं काही उमटलं नाही. बोट लावून सांगितलं, या छातीच्या बरगड्या, हा हृदयाचा डावा कप्पा, इथे हलायला हवं. आम्ही तिघी दोन मिनिटं तिकडे बघत राहिलो. सासूने खुर्ची पुढे ओढली होती आणि सुनेचं पाऊल दोन्ही हातांत धरलं होतं.

मग तिने नवऱ्याला फोन लावून द्यायला सांगितलं, तिच्या फोनचं बॅलन्स संपलेलं होतं, म्हणून माझ्या फोनवरून. बोलणं झाल्यावर तिच्या डॉक्टरांना मी लावला. बाहेर बाकावर अकरा जणी होत्या. दार बराच वेळ बंद राहिलं, कुणी ठोठावलं नाही. साडेपाचची गाडी गेली. रिपोर्ट मी मराठीतही लिहून दिला, चार ओळी, आणि लिफाफा स्टेपल केला नाही.